चमचा वाजला

माझ्या मुलीच्या हिरडीवर पहिल्यांदा चमचा वाजला, तेव्हा तिला मानसुद्धा धरता येत नव्हती.

आवाज अगदी बारीक होता. टक्. आई तिला मांडीवर घेऊन चांदीच्या चमच्याने काहीतरी पाजत होती आणि मी खाटेवर शेक घेत पडले होते. मी विचारलं, "कशाला लागला गं चमचा?"

"कायले नाई. वाटीले लागला."

वाटी तर हातभर लांब होती, पाटावर. पण मी पुढे काही बोलले नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आईचं राज्य. त्या राज्यात बाळंतिणीने जेवायचं, विडा खायचा, पाजायचं आणि झोपायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. शिवाय मला झोप येत होती. त्या झोपेचा मला अजूनही राग येतो.

हे सगळं सुरू झालं माझ्या दातांपासून, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते.

आमचं गाव सोनबर्डी, यवतमाळ जिल्ह्यात. गावाच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतकं की लहानपणी ते पाणी प्यायलेल्या प्रत्येकाच्या पक्क्या दातांवर तपकिरी पट्टे उठतात. पुढे पाणी गाळायचं यंत्र आलं, पण तोवर माझे दात घडून बाहेर पडले होते. आमच्याकडच्या पोरी हसताना हात तोंडावर नेतात. परगावचे लोक म्हणतात, काय लाजाळू मुली, काय संस्कार! कसले संस्कार? पाणी होतं ते.

शिकून अमरावतीत आले आणि साड्यांच्या दुकानात लागले. हल्ली साडी घ्यायला गिऱ्हाईक दुकानात येत नाही, दुकानच त्याच्या घरी जातं. घरोघरच्या भिंतीवरच्या पडद्यावर मी पूर्ण उंचीची उभी राहायची आणि पदर उलगडून दाखवायची. आवाज चांगला, बोलणं चुरचुरीत, पण मालक म्हणाले, "शर्वरी, तोंड मिटून साड्या विकता येत नाहीत आणि तू तोंड उघडलंस की लोक साडी सोडून भलतंच पाहतात." मी रडले नाही. मी डॉ. मिताली गुंडावारकडे गेले.

ही डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. समजावून सांगायची तिला हौस. तिने दाताचं मोठं चित्र समोर तरंगत ठेवलं आणि म्हणाली, "दाताचं वरचं कवच थोडं खरवडायचं आणि त्यावर पोर्सेलिनची नखाएवढी पापडी चिकटवायची, हे काम जुनंच आहे. अडचण पापडीची नसते, कडेची असते. चिकटवलेलं कधी ना कधी कडेला सुटतं. फटीतून लाळ आत जाते. थंड पाणी झिणझिणतं, हिरड्या लाल होतात आणि आतला दात किडतो. बाहेरून पांढरं, आत नासलेलं. आमच्याकडे रोज अशी माणसं येतात."

"मग मी कशाला करू?"

"कारण आता चिकटवायच्या द्रावणात जंतू असतात."

माझं तोंड वाकडं झालेलं पाहून ती हसली. माणसाच्या तोंडातलाच एक साधा जंतू घेऊन त्याला बदललं होतं. कडेला फट पडली की तो जागा होतो, लाळेतलं कॅल्शियम घेतो आणि फटीत दातासारखाच दगड रचतो. फट बुजली की पुन्हा झोपतो. म्हणजे गवंडीच. मी तेव्हापासून त्यांना गवंडी म्हणायला लागले, आणि तिलाही ते नाव आवडलं.

"आणि ते बांधतच सुटले तर?" मी विचारलं.

"दोन कुलपं आहेत," ती म्हणाली. "एक म्हणजे लाळेत कॅल्शियम बेताचंच असतं. बारीक फट बुजेल एवढंच. दुसरं कुलूप त्यांच्या जेवणाचं. आम्ही त्यांना असं करून ठेवलंय की एका विशिष्ट साखरेशिवाय ते जगूच शकत नाहीत. ती साखर चिकटवायच्या द्रावणात घातलेली असते, बरीच वर्षं पुरते. मोठ्या माणसाच्या तोंडात ती दुसरीकडून कधीच येत नाही. गवंडी बाहेर पडला की काही तासांत उपाशी मरतो. हजारो लोकांवर तपासून झालंय."

हजारो लोकांवर तपासलेलं मी कशाला पुन्हा तपासू? वरचे सहा, खालचे चार, असे दात करून घेतले. घरी येऊन आरशासमोर इतकी हसले की गाल दुखले.

पुढच्या वर्षी भूषणचं स्थळ आलं. बघायला त्याची कमलआत्या आली होती. ती पोह्यांची बशी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. "दात पाहा पोरीचे! मोगऱ्याच्या कळ्या!" मी भूषणला नंतर सांगितलं होतं की दातांवर थोडं काम करून घेतलंय. तो म्हणाला, "बरं," आणि विषय संपला. आतले दात कसे आहेत हे त्याने कधी विचारलं नाही आणि मीही दाखवायला गेले नाही. आमच्या लग्नाचा मोठा फोटो बैठकीत लागला. त्यात मी हसतेय, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी माझे दात बघतो आणि मग नवरदेव.

इरावती झाली सोनबर्डीला. आम्ही तिला इरू म्हणतो. आईने बाळंतपण असं केलं की कुणी बोट ठेवू नये. डिंकाचे लाडू, अळीव, धुरी, आणि दोन्ही जेवणांनंतर विडा. "बाळंतिणीच्या अंगातलं सगळं लेकराच्या हाडात जाते व. चुना पोटात गेलाच पायजे," असं म्हणत ती पानाला चांगला बोटभर चुना लावायची. विडा मला आवडायचा. चावता चावता मी इरूचे मुके घ्यायचे. गालाचे, कपाळाचे, ओठांचे. तिच्या तोंडाला दुधाचा वास यायचा आणि मला त्या वासाचं वेड लागलं होतं.

त्या दिवसांत माझ्या दातांत एक फरक पडला होता. दोन दातांमध्ये दोरा जाईना. जिभेला आतल्या बाजूने दात वेगवेगळे लागेनात, एकच गुळगुळीत भिंत लागे. मला वाटलं, चांगलंच झालं, आता काही अडकायला नको. मूर्खासारखी मी त्याचं कौतुक केलं.

चमचा वाजल्यानंतर काही दिवसांनी इरू पाजताना मला लागायला लागली. हिरड्यांनी लागतं तसं नाही. कपाची तुटकी कड लागावी तसं. ती भुकेली रडायची, छातीशी घेतली की चोखायची आणि मी कळवळून तिला दूर करायचे. एकदा सकाळी अंगणात ती टाहो फोडून रडत होती आणि ऊन थेट तिच्या तोंडात पडलं. वरच्या हिरडीवर पुढे पांढरी रेघ चमकली.

"आई!" मी ओरडले. "हे काय आहे?"

आई चुलीपाशी होती. ती लगेच आली नाही. आली तेव्हा पदराला हात पुसतच राहिली.

"दात हाय," ती म्हणाली.

"या वयात? वरचा? आणि तुला माहीत होतं?"

"आठ दिस झाले." मग ती एकदम बोलायला लागली. "काहून सांगू तुले? वरचा दात पह्यले आला तं मामाले जड जाते, हे तुले माईत नाई का? तुया भाऊ रोज ट्रॅक्टर घेऊन नाल्यातून जाते. मी म्हटलं, कोनाले सांगायचंच नाई. खालचा आला का मंग दोन्ही संगंच आले म्हणू."

माझा भाऊ चेतन बाजूलाच ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरत होता. तो हसला. मलाही एरवी हसू आलं असतं. पण मी बोट इरूच्या तोंडात घातलं होतं. तो दात नव्हता. दात हिरडीतून वर येतो. हे हिरडीवरून पसरत गेलं होतं. थंड, गुळगुळीत, कडेला पातळ होत गेलेलं. मी नखाने उचकटून पाहिलं, ते हललं नाही.

माझी जीभ आपोआप माझ्याच दातांच्या मागे गेली. तिथेही तेच होतं. थंड आणि गुळगुळीत.

 मी भूषणला फोन केला आणि म्हटलं, गाडी घेऊन आत्ता निघ.

डॉ. मितालीने इरूच्या हिरडीवर कागदाची पट्टी टेकवली, यंत्रात सरकवली आणि आम्ही बसून राहिलो. ही यंत्रं लाळेतल्या जंतूची जात तासाभरात सांगतात. भूषण इरूला घेऊन फेऱ्या मारत होता. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. यंत्र वाजलं. मितालीने पडदा पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"आमचाच आहे," ती म्हणाली.  "तुमच्या दातांतला. पण तो बाहेर जगलाच कसा? आणि एवढा दगड करायला त्याला कॅल्शियम कुठून मिळालं?" मग माझ्याकडे वळून, "बाळाला काय देता?"

"अंगावरचंच."

"पाणी? टॉनिक? ग्राइप वॉटर?"

"काही नाही."

"औषध कसलं?"

"नाही म्हटलं ना."

 मला तो चमचा आठवला. मी मागे वळले. "आई, मग त्या चांदीच्या चमच्यात काय असायचं?"

"थे?" आईला प्रश्नच कळला नाही. "थे काय औषध हाय? निवळी व. चुन्याची निवळी. पोट्टी दूध टाकत होती म्हणून देत होतो. रात्री चुना पान्यात टाकाचा, सकाळी वरचं नितळ पानी घ्याचं. तुलेबी त्याच चमच्यानं पाजली. चेतनलेबी. आमच्या कोनत्या लेकराले नाई पाजली?"

मितालीने डोळे मिटून घेतले. "आणि तुम्ही? विडा?"

"दोन्ही वेळचा," मी म्हटलं.

पहिलं कुलूप आम्ही मायलेकींनीच उघडलं होतं. चुना म्हणजे कॅल्शियमच, आणि वर तो अल्कधर्मी, आंबटाच्या उलट. गवंड्यांना जागं व्हायला तसंच पाणी लागतं. लाळेतून कणाकणाने मिळायचं ते आम्ही चमच्याने ओतलं. आई एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरीणबाईकडे बघत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तिला काय बोलणार होते?

पण दुसरं कुलूप राहिलंच होतं. मिताली पडद्यावर काहीतरी शोधत होती. "ती साखर तर तोंडात नसते," ती स्वतःशीच म्हणत होती. "मोठ्या माणसाच्या..." आणि तिथेच तिचा हात थांबला.  मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे नाही, इरूकडे बघत होती. इरू भूषणच्या खांद्यावर तोंड घासत होती, तिला भूक लागली होती.

"शर्वरी," ती म्हणाली, "ती साखर आईच्या दुधात असते."

भूषण म्हणाला, "म्हणजे?"

"दुधात काही साखरा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी. त्यातलीच एक आम्ही निवडली. कारण मोठ्या माणसाच्या तोंडात ती कधीच सापडत नाही. तपासण्या सगळ्या मोठ्या माणसांवर झाल्या. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना तर काळजी म्हणून मुद्दाम वगळलं होतं."

 माझ्या तोंडात गवंडी कोंडलेले होते, मोजक्या शिध्यावर. मुक्या-मुक्यातून मी ते तिला दिले. मग दिवसातून दहा वेळा छातीशी घेऊन त्यांना जेवू घातलं. आणि माझ्या आईने त्यांना चुना पुरवला. आम्ही तिच्यावर जितकी माया केली, तितका तो दगड वाढला.

मितालीने इरूच्या हिरडीवरची पापडी त्याच दिवशी काढली. मला बाहेर बसवलं होतं. दाराआडून येणारं ते रडणं मी सांगणार नाही. काढलेला तुकडा तिने मला बशीत दाखवला. तांदळाच्या कण्या एकमेकींना चिकटाव्यात तसा, पण माझ्या दातांइतकाच सुंदर पांढरा.

"वरचं निघालं," ती म्हणाली. "आता दूध बंद. पूर्ण बंद. ती साखर नसलेली पावडर मी लिहून देते. चुना बंद. साखर मिळाली नाही की तोंडात मोकळे असलेले मरतील."

"आणि मोकळे नसलेले?"

 "दगडात ते साखर साठवून ठेवतात, द्रावणात असते तशीच. हिरडीच्या आत, येणाऱ्या दातांच्या कोंबापर्यंत काही गेले असतील तर ते तिथे झोपून राहतील, आणि दात घडताना त्याचंच कॅल्शियम घेऊन पुन्हा बांधायला लागतील. इतक्या लहान जबड्यात शोधायला आमच्याकडे साधन नाही. दात येतील तेव्हाच कळेल. खऱ्या दुधाच्या दाताला येताना वर बारीक दाते असतात, करवतीसारखे, आणि दोन दातांत फट असते. तसे आले तर समजा सुटलो."

"नाही आले तर?"

"जबडा वाढत असतो, शर्वरी. दगड त्याला वाढू देत नाही."

माझ्या स्वतःच्या दातांबद्दल तिने दोन वाटा सांगितल्या. एक, ते राहू द्यायचे, पण इरूचा मुका घ्यायचा नाही, तिच्या तोंडाशी तोंड न्यायचं नाही, तिच्या वाटीतलं चाखायचं नाही, आणि हे सगळं कितीतरी वर्षं. दोन, पापड्या, द्रावण, त्याखालचा थर, सगळं काढून टाकायचं. मग वर्षभर नवीन काही लावता येणार नाही. आतले दात आधीच खरवडलेले, ते तसेच राहतील.

गाडीत भूषण म्हणाला, "मुका नाही घेतला तर काय बिघडतं? तुझी नोकरी आहे ती. दात गेले तर दुकानवाले ठेवतील का तुला?"

"तू दिवसभर तिला घेऊन बस आणि मुका घेऊ नकोस. जमतं का बघ."

"मी फक्त सांगून राहिलो."

"तू नको सांगू," मी म्हटलं. इरू माझ्या मांडीवर होती आणि तिने माझं बोट धरलं होतं. मी श्वास दुसरीकडे वळवून बसले होते, खिडकीकडे. आपल्याच लेकराजवळ श्वास घ्यायची मला भीती वाटत होती. अशी मी एक दिवससुद्धा जगू शकणार नव्हते.

मी सगळे काढले.

त्या आठवड्याबद्दल काय सांगू? छाती भरून दगड झालेली, तिच्यावर घट्ट पट्टा बांधलेला, आणि पलीकडच्या खोलीत इरू बाटली तोंडातून ढकलून माझ्या नावाने रडतेय. तिला माझा वास यायचा म्हणून आई तिला घेऊन गच्चीवर जायची. तोंडात ठणका, वाऱ्याची झुळूक लागली तरी डोळ्यांत पाणी. खालून माझे जुने दात निघाले होते. झिजवलेले, बुटके, तपकिरी. भूषणने पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो खिडकीबाहेर बघायला लागला आणि म्हणाला, "बोलू नको, दुखेल तुला." तो वाईट माणूस नाही. पण त्याला सवय व्हायला कितीतरी महिने लागले, हे खरं. बैठकीतला लग्नाचा फोटो काढूया असं मी म्हटलं तर म्हणाला, "राहू दे, आत्याला आवडतो."

मालकांनी मला पडद्यावरून काढून गोदामात घड्या घालायला बसवलं. जाण्यापूर्वी मी एकदाच त्याच पडद्यावर उभी राहिले, साडी विकायला नाही, तर तोंड उघडून दाखवायला. म्हटलं, बायांनो, असे दात केले असतील आणि लेकरू अंगावर पीत असेल तर ऐका. त्यानंतर फोन सुरू झाले. सांगलीहून, लातूरहून, धुळ्याहून. "ताई, आमच्याही बाळाच्या हिरडीवर काहीतरी पांढरं दिसतंय." मी विचारायची, "निवळी पाजता का?" आणि पलीकडे शांतता पसरायची. मग मागून एखाद्या म्हातारीचा आवाज, "कोण विचारतंय गं?" ती शांतता मला ओळखीची झाली. ते द्रावण बनवणाऱ्यांनी पत्रक काढलं. त्यात चुन्याला 'प्रचलित नसलेला आहार' म्हटलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोनाच्या घरी प्रचलित नाई?"

आई बदलली होती. तिने पानाचा डबा चेतनच्या हातून नाल्यात टाकायला लावला. चांदीचा चमचा मात्र तिने ठेवला होता, पुसून, कापडात गुंडाळून.

आम्ही वाट पाहत राहिलो. मी रोज सकाळी इरूला उन्हात घेऊन ओठ वर करायची. गुलाबी हिरडी दिसली की श्वास सोडायची. माझं तोंड स्वच्छ झाल्याचं मितालीने तपासून सांगितलं, तरी मी मुका घेताना आधी तोंड धुवायची, मग पुन्हा धुवायची आणि शेवटी तिच्या पावलाचाच घ्यायची. आयुष्यभर मी माझ्या तपकिरी दातांना शिव्या दिल्या. आता रोज देवाला म्हणायची, हिचे दात माझ्यासारखे येऊ दे. पट्टे उठू दे, पिवळे येऊ दे, वाकडे येऊ दे, फक्त दात येऊ दे.

आणि खालचे दोन आले.

पहिला आला तेव्हा मी भिंग घेऊन बसले. पिवळसर, वर करवतीसारखे बारीक दाते. शेजारी दुसरा, आणि मध्ये फट, त्यात दोरा गेला असता अशी. मी ओरडून भूषणला बोलावलं. तो धावत आला आणि पहिल्यांदाच माझ्या त्या तोंडाकडे सरळ बघून हसला. मितालीला फोन केला तर ती फोनवरच रडली. आईने सोनबर्डीहून विचारलं, "खालचे पह्यले आले न?" आणि सुटकेचा श्वास सोडला. तिच्या मुलावरचं संकट टळलं होतं.

मग उष्टावण करायचं ठरलं. उशीरच झाला होता, पण दात येईपर्यंत मी कुठलाही सोहळा होऊ दिला नव्हता. आमच्या बैठकीत पाट मांडला, रांगोळी काढली. कमलआत्या आली, चार शेजारणी आल्या. चेतन नवा सदरा घालून पाटावर बसला आणि इरूला मांडीवर घेतलं; पहिला घास मामानेच भरवायचा. आईने कापड सोडून चांदीचा चमचा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खीर हाय फक्त. तूच केली न?" मी मान हलवली. त्या दिवशी मी खूश होते. खालचे दोन आल्यापासून मी सकाळी तिचा ओठ वर करून पाहणं सोडलं होतं.

चेतनने चमचा इरूच्या ओठाशी नेला. तिने तोंड आ केलं.

टक्.

"अगं बाई, वरचा पण आला!" एक शेजारीण म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इरूला टाळ्यांची गंमत वाटली आणि ती मोठ्याने हसली. तिचा वरचा ओठ वर गेला आणि खिडकीतलं ऊन तिच्या तोंडात पडलं.

आईच्या हातातली वाटी खाली आली.

मी पुढे गेले. हात धुतला नाही, काही नाही, सरळ बोट आत घातलं. दाते नव्हते. फट नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच थंड, गुळगुळीत पट्टी, आणि मी बोट फिरवत राहिले, तिला कुठेतरी शेवट असेल म्हणून. भूषण माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला विचारावं लागलं नाही.

कमलआत्या वाकून इरूकडे बघत होती. मग तिने मान वर करून भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं आणि कौतुकाने दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली.

"काय पांढरेशुभ्र आहेत! पोरगी अगदी फोटोतल्या आईवर गेली."

मी इरूला चेतनच्या मांडीवरून उचललं. तिच्या ओठाला खीर लागली होती. कितीतरी महिन्यांनी मी तिच्या ओठांचा मुका घेतला, मग अजून एक. माझ्याकडून तिला आता काही मिळायचं राहिलं नव्हतं.